आजोबांची चिठ्ठी कुणाच्या नावाने येते?

“गेम छान आहे, चित्रं गोड आहेत, पण त्यातली जात काढा. माणसं दमून घरी येतात आणि मग असा खेळ उघडतात. त्यांना तिथे वाद नको असतो.”

एका ऑनलाइन स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या पोरांना दिलेला हा सल्ला. सुरात कुठेही तुच्छता नव्हती, हे आधीच सांगतो. पाठीवर हात ठेवल्यासारखं प्रेमाने बोलत होते. तुच्छतेला उत्तर द्यायची आपल्याला सवय आहे. या प्रेमळ सल्ल्याला काय उत्तर द्यावं यावर मात्र आमचा महिनाभर वाद झाला. त्या वादातून हा लेख निघाला.

आम्ही म्हणजे उरणमधला सात-आठ जणांचा गट. रविवारी विहारात वंदना झाली की वाचनवर्ग बसतो. त्यातला एक जण दिवसा न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात नोंदी ठेवतो आणि रात्री गेम बनवायला शिकतो. एक मुलगी चित्रं काढते. कॉलेजातला एक जण मोबाइलवर आवाज गोळा करतो, भरतीचं पाणी, बेडूक, भाताची झोडणी. बाकीचे आम्ही वाचणारे, वाद घालणारे आणि चहा आणणारे. सगळे मिळून बनवतोय तो शेतीचा आणि थोडा जादूचा निवांत खेळ. या प्रकाराला बाहेर ‘कोझी गेम’ म्हणतात. यात मारामारी नसते, हरणं नसतं. बी पेरायचं, पाणी घालायचं, पीक विकायचं, शेजाऱ्यांशी ओळख वाढवायची आणि दिवे मालवून झोपायचं.

हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 1996 मध्ये जपानमध्ये यासुहिरो वादा यांनी ‘हार्वेस्ट मून’ नावाचा खेळ काढला. खेड्यात वाढून टोकियोत नोकरीला गेलेल्या माणसाने मागे राहिलेल्या गावाच्या आठवणीतून तो केला होता. 2009 मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आला. ज्यांनी आयुष्यात चिखलात पाय ठेवला नव्हता ती माणसं पीक वाळून जाईल म्हणून रात्री उठून टोमॅटो तोडू लागली. 2016 मध्ये एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाचा ‘स्टारड्यू व्हॅली’ आला. साडेचार वर्षं त्याने एकट्याने प्रोग्रॅम, चित्रं, संगीत सगळं केलं आणि मधल्या काळात सिएटलच्या एका थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम केलं. (एकट्याने म्हणताना त्याच्या जोडीदारणीचा पगार विसरू नये, घरखर्चाचा भार तिने उचलला होता.) त्या खेळाच्या आजवर 4 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. यार्डात नोंदी ठेवणाऱ्या आमच्या पोराला याच माणसामुळे वाटलं की आपल्यालाही जमेल. आम्हीही ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळलो. आवडला. एका परीक्षेचा अभ्यास त्यात बुडाला, तेही कबूल करतो. म्हणून पुढचं जे लिहितोय ते खेळाच्या रागाने लिहीत नाही.

तो खेळ सुरू होतो आजोबांपासून. मरणाच्या दारातले आजोबा नातवंडाच्या हातात एक बंद पाकीट देतात. नातवंड मोठं होतं, एका बलाढ्य कंपनीत कॉम्प्युटरसमोर पिचतं आणि एके दिवशी पाकीट उघडतं. आत शेताची चिठ्ठी. बस पकडून गावी जायचं, सरपंच स्वागताला उभे, घराची किल्ली तयार. या प्रकारच्या कितीतरी खेळांची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच असते. शेत वारशाने येतं, आणि ते आजोबांकडे कुठून आलं हे कुणी विचारत नाही.

वाचनवर्गात आम्ही प्रत्येकाला विचारलं, तुझ्या आजोबांनी पाकीट दिलं असतं तर त्यातून काय निघालं असतं? एक म्हणाला, गिरणीचा पास. एक म्हणाली, अंगठा उठवलेला सावकाराचा कागद. एकाने सांगितलं, हाडकी-हाडोळ्याचा उतारा, आणि त्यावर इतकी नावं की वाटणी केली तर एकेकाला खाट टाकण्यापुरतीही जागा येणार नाही. सगळे हसलो. मग कुणी हसलं नाही.

आपल्या समाजालाही वारसा होता, त्याचं नाव महार वतन. जमिनीच्या एका तुकड्यावर अख्ख्या जातीला सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी करायला लावणारा वारसा. निरोप पोचवायचा, मेलेली ढोरं ओढायची, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं, आणि मोबदल्यात तो तुकडा आणि दारोदार मागितलेलं बलुतं. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं ते हा दोर कापायला. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. आजोबांचं पाकीट उघडून सुटका होणाऱ्या नातवाची गोष्ट आम्हाला समजते, पण आपल्या इतिहासात सुटका झाली ती पाकीट परत केल्यावर.

आणि आपल्या कोकणाचं काय? कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोत होते. कूळ राबायचं, पीक खोताच्या खळ्यावर जायचं. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्याच जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईच्या विधिमंडळावर गेले. त्याच्याही आधी, 1933 च्या ऑक्टोबरपासून, इथून जवळच अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला होता. जमिनी पडीक ठेवल्या, लाकडं विकली, उपास काढले, पण सावकाराचं शेत नांगरलं नाही. सहा वर्षं! शेती न करण्याचा हा जगातला एक मोठा प्रसंग ज्या जिल्ह्यात घडला, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी शेतीचा खेळ बनवताना आजोबांच्या चिठ्ठीपासून सुरुवात करायची?

आता बाकीच्या गोष्टी बघा. खेळात कुऱ्हाड मिळते. समोर झाड असतं. बटण दाबलं की लाकूड आपलं. उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी लोक अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहाला गेले होते. त्यांच्या हातातही कोयते-कुऱ्हाडीच होत्या. समोरून गोळ्या आल्या. चिरनेरच्या हुतात्मा स्मारकाला आपण शाळेच्या सहलीत जाऊन आलोय, पण फोनवर झाड तोडताना ते आठवत नाही.

खेळात पाण्याची झारी मिळते. तळं, नदी, विहीर, जिथे निळा रंग दिसेल तिथे ती बुडवा. महाडचं चवदार तळंही आपल्याच जिल्ह्यातलं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि हजारोंनी तिथे ओंजळ बुडवली, त्यावर दगड-काठ्या चालल्या, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि ते पाणी आपलंही आहे हे उच्च न्यायालयातून यायला 1937 साल उजाडलं. झारी एकदा बुडवायला दहा वर्षं.

खेळात एक पेटी असते. दिवसभराचं पीक तिच्यात टाकायचं, सकाळी पैसे जमा. अडत नाही, काटा मारणं नाही, ‘तुझ्या हातचं दूध आम्ही घेत नाही’ म्हणणारा कुणी नाही.

या खेळांमधली खरी जादू ही आहे. जंगलातले इवलेसे भुतुक, मनोऱ्यातला जादूगार, रात्रीत वाढणारं झाड, ही सगळी वरची सजावट. ज्याने खेळ उघडला त्याला जमीन, पाणी, जंगल आणि बाजार चारही गोष्टी कुणी आडनाव न विचारता मिळतात, यापेक्षा मोठा चमत्कार आमच्या पाहण्यात नाही. आणि म्हणूनच तो खेळ निवांत वाटतो. माणसाला शेती आवडते म्हणून हे खेळ खपतात हे अर्धंच खरं. अडवणूक नसलेली शेती आवडते.

“जात काढा” म्हणणाऱ्यांना आमचं पहिलं उत्तर हे. त्या खेळांमध्ये जात काढलेली नसते. ज्याला कुठेच अडवलं जात नाही अशा माणसाची जागा घटकाभर प्रत्येकाला भाड्याने दिलेली असते. सिएटलच्या तरुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, त्याच्यावर आमचा दावा नाही. पण महाराष्ट्रात बसून, मराठी गावाचा नकाशा समोर ठेवून जो हे बोलतो त्याला माहीत आहे.

कारण त्यांनी नेमकं काय काढायला सांगितलं ते ऐका. आमच्या नकाशात बौद्धवाडी गावाच्या कडेला, खाडीच्या बाजूला सखल भागात आहे, पहिल्या मोठ्या पावसात तिथे पाणी शिरतं. सूचना आली की वाडी मध्यभागी घ्या, नकाशा जास्त सुंदर दिसेल. गावाने इतक्या शतकांत जे केलं नाही ते माऊसने दोन सेकंदांत करून मिळत होतं! दुसरी सूचना, वाडीतली एक आजी भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणते, तिथे ‘नमस्कार’ टाका, कारण जय भीम राजकीय वाटतं. त्याच खेळात देवळापाशी बसलेला एक म्हातारा ‘राम राम’ म्हणतो. त्याबद्दल एक शब्द नाही. तो आम्हीच घातलाय, गावात असतो म्हणून. त्याचं राम राम ही संस्कृती, आमच्या आजीचं जय भीम हे राजकारण. प्रेमळ सल्ल्याच्या आत काय असतं ते यावरून कळावं.

असला निवांत मराठी गावाचा खेळ आज ना उद्या कुणीतरी काढणारच आहे. भारतीय गेमना आता जगात गिऱ्हाईक आहे. पुण्याच्या एका स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. मेहनतीचं, देखणं काम आहे. नायिका गरीब घरची मुलगी आणि तिला बळ देतात दुर्गा आणि विष्णू. म्हणजे भारतीय जादू म्हटलं की ती कुठून येणार हे ठरलेलंच. मे 2025 मध्ये मुंबईत ‘वेव्हज’चा सरकारी सोहळा झाला, त्यात ॲनिमेशन-गेमिंगमधून भारताच्या गोष्टी जगाला सांगायची भाषा होती. कुणाच्या गोष्टी? मराठी स्मृतिरंजनाला आपण ओळखून आहोत. चिरेबंदी वाडा, तुळशीवृंदावन, देवराई, आजीच्या हातचं घावन आणि हसतमुख बारा बलुतेदार. या खेळांची रचनाही त्याला अगदी सोयीची. खेळाडू सोडून बाकीच्या गावकऱ्यांची जागा, वेळ आणि काम प्रोग्रॅममध्ये बांधलेलं असतं. लोहार सकाळी नऊला भात्यापाशी उभा, पाच वर्षांनीही तिथेच. तो दुकान बंद करून शहरात जात नाही, मुलीला डॉक्टर करत नाही, ‘आजपासून हे काम करणार नाही’ असं म्हणत नाही. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिलं की जातिव्यवस्था कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांची वाटणी करते. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत गावाची आरती ओवाळणाऱ्यांना त्यांनी सुनावलं ते यासाठीच. ज्या गावातून आपण बाहेर पडलो ते गाव आता फोनवर गोड संगीतासह परत येणार असेल, तर त्याचे नियम लिहिणारा हात कुणाचा आहे हे आपण विचारलं पाहिजे.

इथे आपल्याच घरातल्या दोन आवाजांशी बोलायचं आहे.

पहिला ज्येष्ठांचा. ‘पोरांनो, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही मोबाइलवर भात लावताय?’ दादा, केसेसची कामंही आम्हीच करतो, तुम्हाला ठाऊक आहे. पण भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला तेव्हा त्यांनी लोक जिथे बसत होते तिथलाच साचा उचलला, तमाशाचा, आणि आतला मजकूर बदलला. आज आपली पोरं रात्री अकरा ते एक कुठे बसलेली असतात ते वाडीत फिरून बघा.

दुसरा आवाज आमच्याच वयाचा आणि जास्त तिखट. ‘गोड खेळ कशाला? खेळाडूला अपमान सोसायला लावा, विहिरीवरून हाकला, घर जाळा, म्हणजे कळेल त्यांना.’ आमच्यातल्या दोघांचं आजही हेच मत आहे. आम्ही ते मानलं नाही. कारण अशा खेळात आपलं दुःख ही दुसऱ्याची तासाभराची सहल होते. तो खेळणार, हळहळणार, पाच तारे देणार, फोन खिशात. आणि आपल्या वाडीतल्या दहा वर्षांच्या मुलीने तोच खेळ उघडला तर? तिने दिवसभर शाळेत जे ऐकलं तेच रात्री परत ऐकायचं? निवांतपणा ही आपल्याला परवडणारी गोष्ट नाही असं आपणच ठरवून टाकलंय. आमच्या खेळात आंबोळीचा वास यावा, कंदील लागावा, पाऊस पत्र्यावर वाजावा, पोपटी लागावी आणि आपल्या माणसांनी तिच्याभोवती बसून वालाच्या शेंगा सोलाव्यात, यावर आमचा पूर्ण हक्क आहे. फक्त तो निवांतपणा आजोबांच्या चिठ्ठीतून आलेला नको.

मग कुठून? हे शोधायला लांब जावं लागलं नाही. शेतीच्या खेळाचं नियमपुस्तक 1947 मध्ये लिहून झालेलं आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी बाबासाहेबांनी तयार केलेलं ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन पुन्हा काढून वाचा, यावेळी गेम बनवणाऱ्याच्या डोळ्यांनी. शेती हा राज्याचा उद्योग. जमिनीची ठरावीक आकाराची शेतं. ती गावकऱ्यांना जात-धर्म न बघता कसायला द्यायची, आणि अशा रीतीने की जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर यातलं कुणीच उरू नये. कसायचं ते सामूहिकपणे. पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं पुरवायची जबाबदारी राज्याची. या माणसाने 1918 मध्येच लहान धारण क्षेत्रांच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता, त्यामुळे ‘शेतीतलं त्यांना काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून. देशाने ती योजना घेतली नाही. 1959 मध्ये आणि परत 1964-65 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या मागे भूमिहीन माणसं तुरुंगात गेली ती पडीक जमिनीचा तुकडा मागायला. जमिनीवर जे करू दिलं नाही ते पडद्यावर करून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

आमचा खेळ शेत देऊन सुरू होत नाही. तो खारबांधावर सुरू होतो. उरण-पनवेलची खार जमीन ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. समुद्राला मातीच्या बांधाने थोपवून केलेली भातशेती. उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नसतं. बांध फुटला, खांड गेली, की खारं पाणी आत आणि शेत पुढचे काही हंगाम गेलं. त्या जमिनीत टिकणारं भातही वेगळं. काळा राता, बुरा राता ही जुनी वाणं, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेली पनवेल-1, 2, 3. आमच्या खेळातली बियाण्यांची पेटी यांनीच भरलेली आहे, भोपळ्याएवढ्या स्ट्रॉबेरीने नाही.

आता नियम. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला बांध फुटू शकतो आणि तो एकट्याने बांधता येत नाही. खेळाडू कितीही श्रीमंत असो, त्याच्याकडे सोन्याचं फावडं असो. वीस माणसं लागतात. आगरी आळी, कोळीवाडा, बौद्धवाडी, कातकरवाडी सगळीकडून. ज्यांना कसायला शेत मिळालंय ते रात्री कंदील घेऊन येतात. ज्यांना नाही ते दिवसा मजुरीला येतात आणि सहा वाजता घरी जातात. उधाण रात्री येतं. पहिल्यांदा खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण मजुरी वाढवून बघतो. मजुरी दुप्पट केली तरी रात्री कुणी येत नाही. ज्याचा शेतात वाटा नाही त्याने अंधारात छातीभर चिखलात का उतरावं? तीन-चार वेळा पीक गेलं की खेळाडू आपोआप शेतं वाटायला बसतो. आम्ही पडद्यावर जातीबद्दल एकही भाषण लिहिलेलं नाही. परीक्षकांना खटकलं ते भाषण नव्हतं, हा हिशोब होता.

उरणमध्ये हा हिशोब हवेतून आलेला नाही. सिडकोच्या संपादनाविरुद्ध, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि पागोट्याला गोळ्या झेलून पाच माणसं गेली. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या आगरी-कोळी बांधवांनी साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व सरकारच्या गळी उतरवलं. त्या लढ्यापुढे आम्ही मान झुकवतो, तो आमचाही आहे. पण गणित बघा. साडेबारा टक्के कशाचे? संपादित जमिनीचे. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचे साडेबारा टक्के किती? मिठागरात फावडं ओढणारा, दुसऱ्याच्या शेतात आवणी करणारी, वीटभट्टीवर गेलेला कातकरी, यांचंही जगणं त्याच जमिनीवर होतं. बंदर 1989 मध्ये सुरू झालं, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये चिर्ल्यापर्यंत आला, त्याच महिन्यात उरणला लोकल आली. प्रत्येक वेळी मोजणी सातबाऱ्यावरूनच. खार जमीन बघायची असेल तर आता लोकलच्या खिडकीतून बघून घ्या, भराव पडतोय.

राहिली जादू. आमच्या खेळात जादू असावी का यावर वर्गात सगळ्यात मोठं भांडण झालं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या पोरांनी मंत्र-तंत्र दाखवायचे? गावात जादूटोण्याचा आळ येतो तो बहुधा आपल्या किंवा आदिवासी घरातल्या एखाद्या एकट्या बाईवर. 2013 चा कायदा उगाच करावा लागला नाही. तोडगा एका ज्येष्ठ उपासिकेने काढला. त्यांनी दीघनिकायातलं केवट्ट सुत्त वाचायला लावलं. केवट्ट भगवंतांना विनवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध तीन प्रकारची प्रातिहार्यं सांगतात. हवेत उडणं, पाण्यावर चालणं ही ऋद्धी. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं हे दुसरं. या दोन्हींचा आपल्याला वीट आहे असं ते म्हणतात. तिसरं शिकवण्याचं, अनुशासनी, तेच ते खरं मानतात.

म्हणून आमच्या खेळातली जादू रात्रीच्या शाळेत मिळते. वाचता यायला लागलं की नकाशा बदलतो. तोवर ज्या पाटीवर नुसत्या रेघोट्या दिसत होत्या तिथे अक्षरं उमटतात. तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना सहा, सात, बारा वाचता येतो, फेरफार कधी झाला कळतं, ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचं नाव होतं आणि ते कधी गळलं ते दिसतं. आणि ते दिसलं की शेतावर धुक्यासारखी पुसट माणसं उभी राहतात, पूर्वी तिथे राबलेली. ती काही करत नाहीत, फक्त दिसतात. चित्रं काढणाऱ्या मुलीने यात आपली आजी काढलीय. गंमत म्हणजे ‘स्टारड्यू व्हॅली’तही जंगलातल्या जीवांची लिपी आधी वाचता येत नाही, जादूगाराने दिलेला काढा प्यायल्यावरच ती समजते. त्या तरुणालाही कुठेतरी वाटलं असणार की वाचता येणं हीच जादू. आमच्याकडे काढ्याऐवजी रात्रशाळा आहे.

यातली एक तांत्रिक अडचण सांगतो, काहींना उपयोग होईल. आम्ही गोडो हे मोफत इंजिन वापरतो. त्याच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळत नव्हती, जोडाक्षरं सुटी पडायची, वेलांटी भलतीकडे जायची. पडद्यावर पहिल्यांदा ‘हक्क’ लिहिला तेव्हा तो मधोमध तुटून दिसला. आमचा कंटेनर यार्डवाला म्हणाला, राहू दे, असाच असतो. 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 मध्ये ही अडचण सुटली आहे. त्यामुळे ‘मराठीत गेम होत नाही’ ही सबब आता संपली.

आमच्या चुकाही लिहायला हव्यात. पहिल्या नकाशात बौद्धवाडी होती, कातकरवाडी नव्हती. वीटभट्टीवरून सुट्टीला आलेल्या एका कातकरी पोराने खेळून बघितलं आणि विचारलं, माझं घर कुठंय? त्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला नकाशाच्या कडेला ठेवणाऱ्यांवर इतकं लिहिणाऱ्या आम्ही त्याला नकाशाच्या बाहेर ठेवलं होतं. दुसरी चूक अशी की शेतकरी म्हणून आम्ही बाप्याचं चित्र काढलं होतं. आवणी कोण करतं? आमच्या सगळ्यांच्या आयांनी, आज्यांनी केली. आता खेळ बाईच्या चित्राने सुरू होतो आणि शेत तिच्या नावावर लागतं.

सुत्तनिपातात कसिभारद्वाज ब्राह्मणाची गोष्ट आहे. पेरणीच्या दिवशी पाचशे नांगर जुंपून तो उभा असतो आणि भिक्षेला आलेल्या बुद्धांना म्हणतो, मी नांगरतो, पेरतो, मग खातो, तूही तसंच कर. बुद्धांचं उत्तर प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र वर्गात त्या पाचशे नांगरांपाशी अडकलो. पाचशे नांगर एकटा माणूस धरत नाही. ते धरणाऱ्यांची नावं सुत्तात नाहीत. आमच्या खेळात त्यांना नावं आहेत, घरं आहेत आणि उधाणाच्या रात्री न येण्याची मुभा आहे.

स्पर्धेच्या आयोजकांना आम्ही दोन ओळींचं पत्र पाठवलं, बौद्धवाडी आहे तिथेच राहील आणि आजी जय भीमच म्हणेल. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. पहिला हंगाम खेळण्याजोगा झालाय, पुढचे तीन बाकी आहेत. उघाडीच्या फळ्यांना, बांधाच्या मातीच्या थरांना, मिठागरातल्या अवजारांना तुमच्या गावात काय म्हणतात ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून पाठवा. रत्नागिरी, रोहा, मुरूड, कुठलंही गाव चालेल. आवाज रेकॉर्ड करता आले तर फारच छान. आणि प्रोग्रॅमिंग येणारं कुणी असेल तर रविवारी वंदनेनंतर या. लॅपटॉप एकच आहे, तोही गरम होऊन बंद पडतो, तेव्हा आपापला आणलात तर बरं.

जय भीम!